सहीच्या वरचं शून्य

१

ज्ञानेश खैरनारचा जबडा मोडणाऱ्यांनी जाता जाता त्याच्या शर्टाच्या खिशात एक कागद कोंबला होता. कागद झेरॉक्स होता, घडीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं, आणि तळाशी डॉ. लतिका गायधनी यांची सही होती.

तो कागद आता लतिकाबाईंच्याच टेबलावर पडला होता. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या लॅबमध्ये सकाळची गर्दी अजून ओसरली नव्हती. समोरची तिशीतली मुलगी बसायला तयार नव्हती.

"ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग वाचा. मोठ्यानं वाचा."

लतिकाबाईंनी वाचलं. हर्षल बोराडे, वय छत्तीस. वीर्य तपासणी. शुक्राणू, शून्य.

"हर्षल माझा नवरा. मी तेजस्विनी. आमचं लग्न माघात झालं, आणि मला आता चौथा महिना आहे. हा कागद त्यानं भावकीच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी माझी बॅग अंगणात फेकली. म्हणाल्या, पोट पाडून ये, मग बघू. आणि परवा ज्ञानेशला नाशिक रोडला गाठलं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासते, तोही तिथंच असतो. संध्याकाळी गाडीवरून मला स्टँडपर्यंत सोडायचा. एवढाच त्याचा गुन्हा."

"पोलिसांना नावं सांगितली त्यानं?"

"कशानं सांगेल? तोंड तारांनी बांधलंय."

तीस वर्षं लतिकाबाईंनी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काढली होती. साड्या, परकर, चादरी, शाळेचे गणवेश त्यांच्यापुढे यायचे आणि त्यावरचे डाग त्या तपासायच्या. कितीतरी बायका खरं सांगत होत्या, आणि त्यांचं खरं ठरवायला एक डाग लागायचा. त्याचा राग त्यांनी कधी घरी नेला नव्हता. आज मात्र त्यांच्याच सहीनं एका माणसाचा जबडा मोडला होता आणि एका बाईला रस्त्यावर काढलं होतं.

"मॅडम, या नवऱ्याशिवाय मी कुणाला हात लावू दिलेला नाही. म्हणजे तुमचा कागद खोटा आहे. तसं लिहून द्या."

"कागद खोटा असेल तर लिहून देईन आणि लॅबला कुलूप लावीन," लतिकाबाई म्हणाल्या. "पण आधी मला सांग, तुझंही खरं असेल आणि कागदही खरा असेल, तर?"

"असं कसं होईल?"

"तेच शोधायचंय. बस आता."

२

आधी घरातच झाडू मारायचा, म्हणून लतिकाबाईंनी सोमनाथला आत बोलावलं. सोमनाथ त्यांचा तंत्रज्ञ होता. तो नमुना त्यानंच तपासला होता.

"किती वेळा बघितलंस?"

"दोनदा, मॅडम. मग मशीनवर फिरवून तळाचा गाळही बघितला. एकसुद्धा शुक्राणू नव्हता."

"कुणाचा फोन आला होता का तुला? कुणी ओळखीचं, कुणी वजनदार?"

सोमनाथचा चेहरा पडला. "मॅडम, माझ्यावर संशय?"

"माझ्यासकट सगळ्यांवर. नमुना कुठं दिला त्यानं? घरून आणला?"

"नाही, इथंच दिला. सोबत त्याचा मोठा भाऊ होता. दोघंही आत आले होते. त्या दिवशी गर्दी होती, मी दाराशी उभा राहिलो नव्हतो." त्यानं मान खाली घातली. "पण शून्य आलेले नमुने आपण गोठवून ठेवतो ना. तो आहे अजून."

लतिकाबाईंच्या जिवात जीव आला. पण नमुना हर्षलचा होता, त्याच्या परवानगीशिवाय त्याला बोटही लावता येणार नव्हतं. त्यांनी त्याला फोन केला. नाही म्हणेल अशी त्यांची अटकळ होती. तो दुपारीच हजर झाला.

उंच, नीटनेटका गडी. निफाडजवळ द्राक्षबाग, गावात पंपांचं दुकान, कृषी पदवी. बोलणं शहरी आणि मवाळ. पहिली बायको कावीळ होऊन गेली होती, तिची मुलगी वेदिका आता सातवीत होती.

"शून्य कशानं झालं, काही अंदाज?" लतिकाबाईंनी विचारलं.

"मागच्या दिवाळीत वेदिकाला गालगुंड झाले. तिच्याकडून मला लागले. खाली सूज आली होती. त्यातच सगळं गेलं असणार. पुरुषांचं जातं म्हणतात गालगुंडानं."

"कधीकधी जातं. मग लग्नाआधी तपासून घ्यावंसं नाही वाटलं?"

"तेव्हा कुठं सुचतं, मॅडम. मला फसवलं गेलंय एवढंच मला कळतं."

"उरलेल्या नमुन्यावर अजून काही तपासण्या करायच्या आहेत. नमुना तुमचाच आहे का, हेही त्यात बघेन. तुमची परवानगी लागेल."

हर्षल किंचित हसला. "करा की. कितीही तपासलं तरी शून्याचं एक थोडंच होणार आहे?"

त्यानं सही केली. खिडकीतून लतिकाबाईंनी पाहिलं, खाली गाडीत त्याचा मोठा भाऊ शेखर बसला होता. तो वर आलाच नव्हता.

३

वीर्य म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेलं पाणी नव्हे. वेगवेगळ्या ग्रंथी त्यात आपापला वाटा टाकतात, आणि कुणाचा वाटा आला, कुणाचा नाही, हे त्यातले एन्झाइम सांगतात. शुक्राणू नसले तरी ही साक्ष उरते.

लतिकाबाईंनी पहिली तपासणी केली ती त्यांच्या जुन्या ओळखीची, ॲसिड फॉस्फटेजची. हा एन्झाइम प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. नमुन्यात पाणी घातलं असतं किंवा भलतंच काही डबीत भरलं असतं, तर ते इथंच उघडं पडलं असतं. रंग झरझर चढला. नमुना अस्सल होता, आणि सोमनाथही.

दुसरी तपासणी फ्रुक्टोजची. ही साखर वीर्यकोशातून येते. तीही भरपूर निघाली.

तिसरी तपासणी होती अल्फा ग्लुकोसिडेज या एन्झाइमची. वृषणाच्या माथ्याशी एक बारीक नळी वेटोळी घालून बसलेली असते. शुक्राणू तिथं तयारीचे होतात, आणि हा एन्झाइम तिथंच पाझरतो. मग दोघं मिळून पुढच्या वाहिनीनं बाहेर येतात.

यंत्रावर आकडा उमटला. सोमनाथनं पाहिला, मग लतिकाबाईंनी पाहिला.

"मॅडम, हे तर जवळजवळ काहीच नाही."

"पुन्हा कर."

पुन्हा तेच आलं. लतिकाबाई खुर्चीत मागे टेकल्या.

"गालगुंडानं वृषणातलं कारखान्याचं काम बंद पडतं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण पुढची नळी शाबूत राहते, तिचा एन्झाइम येत राहतो. म्हणजे शुक्राणू शून्य, पण हा आकडा चांगला, असं दिसायला हवं होतं. इथं शुक्राणूही नाहीत आणि नळीचा एन्झाइमही नाही. पुढचं मात्र सगळं ठणठणीत."

"म्हणजे वाट बंद आहे."

"जन्मतः वाट नसेल तर बहुतेक वेळा वीर्यकोशही धड नसतो, साखर घसरते. ती भरपूर आहे. जंतुसंसर्गानं बंद झाली असती तर पू दिसला असता."

"पू अजिबात नव्हता. मी बघितलंय."

"मग ही वाट कापलीय, सोमनाथ. ज्याचा हा नमुना आहे, त्याची नसबंदी झालीय."

त्यांनी लगेच तेजस्विनीला फोन लावला. "तुझ्या सासरी कुणाची नसबंदी झालीय का? पुरुषाची."

"शेखरभाऊजींची. सरकारी शिबिरात केली होती. सगळ्या गावाला माहीत आहे."

४

शेखर बोराडे दुसऱ्या दिवशी बोलावल्याबरोबर आला. रापलेला, जाडजूड, चाळिशीपलीकडचा माणूस. खुर्चीत बसला तो हाताची घडी घालूनच.

"नसबंदीचं विचारायचं म्हणे तुम्हाला. केलीय मी. पोरगा झाला, पोरगी झाली, बायकोची तब्येत नाजूक. तिला कशाला कापायचं, म्हणून मी गेलो. गावानं वर्षभर टिंगल केली. तुम्हीही करून घ्या."

"टिंगल नाही करत. तुमच्याबद्दल आदरच वाटतो. पण त्या दिवशी हर्षलच्या डबीत नमुना तुमचा होता का?"

शेखर ताडकन उठला. खुर्ची मागं कलंडली.

"काय बोलताय बाई तुम्ही! घरच्या सुनेला बाहेर काढायला मी असलं करीन?"

"जमिनीला वारस नको असेल तर माणसं याहून वाईट करतात."

"आमची वाटणी कवाच झालीय. आणि ती पोरगी मला वाईट वाटली नव्हती." त्याचा आवाज खाली आला. "वेदिका हसायला लागली होती तिच्यामुळं. आईनं बॅग फेकली तेव्हा मी बोललो नाही, ही माझी चूक. पण डबीबिबी माझी नाही."

"त्या दिवशी इथं तुम्ही काय करत होतात?"

"त्यानं डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर दिली, मी खाली गेलो, गाडी दुसऱ्याच्या दारात लागली होती ती हलवली. मग खालीच बसलो."

"रक्तगट कोणता तुमचा?"

"ओ. साखर कारखान्याच्या शिबिरात दर वर्षी देतो रक्त. कार्ड आहे खिशात."

लतिकाबाईंनी कार्ड पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. बहुतेक माणसांचा रक्तगट वीर्यातही उतरतो. गोठवलेल्या नमुन्यात त्यांनी तोही तपासला होता. तिथं बी गट स्पष्ट दिसत होता. ओ गटाच्या माणसाच्या नमुन्यात तो येणंच शक्य नव्हतं.

"माफ करा, शेखरराव. तो नमुना तुमचा नाही."

शेखर गेल्यावर त्यांनी तेजस्विनीला बोलावून समोर बसवलं. दवाखान्याच्या तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर नवऱ्याचा रक्तगट लिहिलेला होता. बी.

"लग्नाच्या दिवसांत हर्षलला काही होत होतं का? दुखणं, खुपणं, काहीही?"

"नाही हो." मग ती आठवू लागली. "हळदीला पाटावर बसला नाही, खुर्ची मागितली. पाठ धरलीय म्हणाला. सुरतेला पंपांच्या कंपनीत गेला होता, तिथं वजन उचललं म्हणे. घोड्यावरही चढला नाही. सनी, शेखरभाऊजींचा मुलगा, फार चिडवत होता त्यावरून."

"लग्नाच्या किती आधी गेला होता सुरतेला?"

"आठ-दहा दिवस असतील."

"आणि तुला मूल हवंय, हे त्याला माहीत होतं?"

"बघायला आला तेव्हा मी एवढी एकच गोष्ट विचारली होती. वेदिकाला मी माझीच मानेन, पण मला माझंही एक हवंय, चालेल ना? तो म्हणाला, का नाही चालणार."

लतिकाबाई उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"उद्या आपण निफाडला जायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासरी. सगळे असताना."

५

बोराड्यांच्या ओसरीवर भर दुपारी सगळे जमले. सासू बयाबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, शेखर खांबाला टेकला होता, दाराशी त्याचा विशीतला मुलगा सनी खपल्या धरलेल्या बोटांनी मोबाइल चाळत उभा होता. हर्षलनं लतिकाबाईंना खुर्ची दिली. तेजस्विनीकडे त्यानं पाहिलंही नाही.

"ही कशाला आली?" बयाबाई कडाडल्या. "आमच्या दारात हिचं काय काम हाय? लय तोंड काळं केलं गावात!"

"तपासणीचा निकाल हर्षलरावांचा आहे," लतिकाबाई म्हणाल्या. "मी तो एकट्याला सांगायला तयार आहे. की सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर," हर्षल म्हणाला. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"नक्की?"

"मॅडम, सांगा."

मग लतिकाबाईंनी सांगितलं, अवघड शब्द टाळून. नमुना अस्सल आहे. रक्तगट बी आहे, म्हणजे शेखररावांचा नाही, तुमच्याशी जुळतो. शुक्राणू शून्य आहेत, हेही खरं. पण गालगुंडाची गोष्ट खोटी आहे, कारण नळीतला एन्झाइमही आलेला नाही. गालगुंड कारखाना बंद पाडतो, रस्ता कापत नाही.

हर्षलच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथं राहिलं, फक्त त्याच्यातून जीव गेला.

"तुमची नसबंदी झालीय, हर्षलराव. लग्नाच्या आधी, सुरतेला. म्हणून हळदीला पाटावर बसता आलं नाही, म्हणून घोडा नको झाला. मी चुकत असेन तर तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे जाऊ. कापलेली जागा बोटांनासुद्धा लागते."

बयाबाईंचा झोपाळा थांबला.

"हर्षल," शेखर म्हणाला, "डॉक्टरकडे चल."

"दादा, तू मध्ये..."

"चल म्हणतो ना!"

हर्षल जागचा हलला नाही. मग एकाएकी उसळला. "केली! केली मी! मला वेदिकाशिवाय दुसरं मूल नकोच होतं. आई ऐकेना, लग्न कर, लग्न कर. घरात बाई हवी, पोरीला बघायला कुणी हवं. तेवढ्यासाठी केलं लग्न. मग? त्यानं हिचं पाप धुतलं जातं का? माझी नसबंदी झालेली, आणि हिला दिवस राहतात! मग कुणाचं ते? सांगा ना कुणाचं!"

त्या क्षणी लतिकाबाईंना उमगलं, आणि त्यांचा राग आणखीच चढला. हा माणूस सगळंच खोटं बोलत नव्हता. बायकोनं आपल्याला फसवलं, असं याला मनापासून वाटत होतं. स्वतःची फसवणूक सांगायची सोय नव्हती, म्हणून यानं शून्याचा कागद पुढे केला होता.

"ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं तुम्हाला काय बजावलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणजे? झालं, जा म्हणाला."

"एवढंच नसेल म्हणाला. जगातला कुठलाही सर्जन एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. पुढचे तीन महिने काळजी घ्या, मग तपासणी करून घ्या, शून्य आल्यावरच निर्धास्त व्हा. सांगितलं होतं की नाही?"

हर्षलनं मान दुसरीकडे वळवली.

"कापलेल्या जागेच्या पुढं आधीचे शुक्राणू उरलेले असतात. ते संपायला आठवडेच्या आठवडे जातात. तुम्ही दहा दिवसांत बोहल्यावर चढलात. सोनोग्राफीनुसार हिला दिवस राहिले लग्नानंतरच्या तीन आठवड्यांत. तेव्हा तुमच्या अंगात शून्य नव्हतं, हर्षलराव. शून्य नंतर झालं. तुम्ही तपासणी करून घेतलीत तीही नंतर, हिच्या विरुद्ध पुरावा हवा होता म्हणून."

हर्षल पायरीवर बसला.

खांबाजवळून शेखर पुढं आला. सगळ्यांना वाटलं, तो भावाला मारणार. तो त्याच्या बाजूनं सरळ दाराशी गेला आणि त्यानं सनीची कॉलर धरली.

"त्या खैरनारच्या पोराला तू मारलंस ना?"

"पप्पा, काका म्हणाले होते..."

"मी मारायला नव्हतं सांगितलं!" हर्षल ओरडला. "नुसता दम द्या म्हणालो होतो!"

"गाडीत बस," शेखर मुलाला म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "नाशिक रोडच्या चौकीत जायचंय. जे केलं ते सांगायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं तेही सांगायचं."

"आरं, पोराचा जन्म वाया जाईल!" बयाबाई धावल्या.

"त्या पोराला आई नाय का?" शेखरनं एवढंच विचारलं, आणि सनीला ओढत गाडीकडे नेलं.

६

धुरळा खाली बसल्यावर बयाबाई तेजस्विनीकडे वळल्या. मघाचा कडाका कुठल्या कुठं गेला होता.

"झालं गेलं सोड, सूनबाई. मला काय ठावं, ह्यो असं करील. घरात चल. आमचा नातू हाय तो."

हर्षलही उठला. त्याच्या चेहऱ्यावर लतिकाबाईंना बघवेना असा सुटकेचा भाव होता. "म्हणजे मूल माझंच आहे," तो म्हणाला. "आता शास्त्रानंच सिद्ध झालं."

"शास्त्रानं तुमचं खोटं सिद्ध झालं," लतिकाबाई म्हणाल्या. "बाप कोण, ते बाळ जन्मल्यावर डीएनए सांगेल."

"आणि ती तपासणी मी करून घेणार आहे," तेजस्विनी म्हणाली. "ज्ञानेशच्या नावावरचा डाग पुसायला. तुमच्यासाठी नाही. मी एकच गोष्ट विचारली होती तुम्हाला, हर्षल. तेव्हा नाही म्हणाला असतात, तर मी चहा पिऊन निघून गेले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं." तिनं पदर खोचला. "वेदिकाला माझा नंबर पाठ आहे. तिला यायचं असेल तेव्हा तिला कुणी अडवायचं नाही. बाकी आपलं कोर्टात."

ती पायऱ्या उतरली. बयाबाई मागून हाका मारत राहिल्या.

मुलगी मार्गशीर्षात झाली. डीएनएचा निकाल यायचा तसाच आला. तोवर ज्ञानेशच्या तारा निघाल्या होत्या, जेवता येत होतं, पण बोलताना डावीकडे ओठ ओढला जायचा तो कायमचा. खटल्यात सनीबरोबर हर्षलचंही नाव लागलं होतं.

बारसं नाशिक रोडला तेजस्विनीच्या मावशीकडे होतं. शेखर वेदिकाला घेऊन आला. नाव वेदिकानंच ठेवलं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तिनं ते इतक्या हळू सांगितलं की बायकांनी तिला पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं.

लतिकाबाई निघाल्या तेव्हा फाटकाबाहेर एक गाडी उभी होती. काच खाली झाली. आत हर्षल होता, इस्त्रीच्या कपड्यांत, शेजारच्या सीटवर खेळण्याचं मोठं खोकं.

"मॅडम," तो म्हणाला, "नाव काय ठेवलं?"

लतिकाबाई थांबल्या. त्यांच्या मनात बरंच काही आलं, पण त्यातलं काहीच या माणसावर खर्च करावंसं त्यांना वाटलं नाही.

"ज्यांना सांगायचं होतं," त्या म्हणाल्या, "त्यांना आत बोलावलं होतं."

आणि त्या रिक्षा शोधायला रस्त्याकडे वळल्या.